सीटखालचा जुना प्लग

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बाबा सापडले! सकाळी धंतोलीला आईच्या गुडघ्याचं औषध आणायला निघाले आणि सापडले थेट शहराबाहेर चाळीसेक किलोमीटरवर, मौद्याच्या पुढे — पेट्रोल संपलेल्या गाडीवर बसलेले. चहावाल्याने फोन केला म्हणून बरं. घरी आल्यावर म्हणे, "रस्ता नाई चुकलो वं दीक्षा, जरा फिरून आलो." आईने पाणी दिलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार वाढतोय, आता गाडी बंद. पण सांगायचं कोणी? आई म्हणते, "तूच सांग." माझी जीभ उचलत नाही. कोपऱ्यावरचं दूधसुद्धा गाडीवरून आणणारा हा माणूस!

किल्ली लपवली तर घर डोक्यावर घेतील. मग सुचलं. गाडीत नवा स्पार्क प्लग घातला की बाबा जुना फेकत नाहीत, चिंधीत गुंडाळून सीटखाली ठेवतात. "अडीअडचणीले कामी येते." ते अंघोळीला गेले तेव्हा गाडीतला नवा काढला, जुना बसवला; त्यावर गाडी सुरू होणार नाही. आधी बोटांनी फिरवायचा, मग पाना लावायचा — त्यांनीच शिकवलंय. नवा माझ्या पर्समध्ये. हात साबणाने घासले, तरी स्वतःची किळस जाईना.

रविवार, ९ नोव्हेंबर

गाडी सुरू झाली नाही. किका मारून बाबा घामाघूम! मग पाना घेऊन अंगणात बसले. दर रविवारी प्लग साफ करतातच. मी वाटाणे सोलत बघत होते.

प्लग काढला. उन्हात धरला. टवका उडालेल्या चिनीमातीवरून अंगठा फिरवला. "हा तं मी दिवाळीच्या आंधी काढला होता." सीटखालची चिंधी उघडली — रिकामी. मग माझ्याकडे बघितलं.

ओरडतील म्हणून मी वाट बघत राहिले. बाबा पाना पुसून आत गेले. जेवताना एवढंच म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाय."

घराचा रस्ता विसरतात. आपण काढलेला प्लग ओळखतात!

सोमवार, १० नोव्हेंबर

नाही सहन झालं. नवा प्लग त्यांच्या उशाशी ठेवला आणि ऑफिसला गेले. दिवसभर फोन हातात. आईचा फोन आला तो पहिल्याच रिंगला उचलला — कोथिंबीर आण म्हणाली.

गाडी जागेवरच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज ऑफिसला निघताना डबा बाबांनी आणून दिला. सोबत ती चिंधी, आत नवा प्लग. "तुह्याजवळच ठेव. मी मांगतला, रागावलो, तरी देऊ नको वं."