चौदा संत्री आणि देवमन मास्तर

शेंदूरजनाघाट,
ता. ९ डिसेंबर १९६१

रा. रा. खुशालराव, राजापेठ, अमरावती यांना वामनरावाचा रामराम. तुमचा गुडघा कसा आहे? तुमची बहीण मैनाबाई रोज विचारते, म्हणून मीही विचारतो. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, माझं पोट सोडून. त्याचं कारण पुढे येईल.

तर तुम्ही आमच्या माणिकसाठी अकोल्याचं स्थळ धाडलं. देवमन मास्तर, हायस्कुलात सायन्स शिकवतात. (सोबत वडील होते, ते पोह्यांशिवाय कशातच पडले नाहीत.) पोरगा मलाही पसंत पडला. माणिकनं पोहे दिले, खाली मान घालून एकदाच वर पाहिलं, सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मी उठून बगीच्यात गेलो असतो, तर आज लग्नपत्रिका छापायला टाकली असती.

पण पाहुण्यांना आपला माल दाखवावा, अशी मला बुद्धी झाली. पेरणीआधी आपण बियाणं पाण्यात टाकतो. तळाशी बसलं ते भरीव, वर आलं ते पोचट. तीच परीक्षा मी आमच्या बगीच्यातल्या आंबिया बहाराच्या संत्र्यांना लावली. घंगाळ भरून आणलं आणि 'पाहा' म्हणून एक संत्रं सोडलं. तरंगलं. दुसरं सोडलं, तेही तरंगलं. रागानं अख्खी टोपली ओतली, तर सगळीच्या सगळी वर! बत्तीस वर्षं सांभाळलेला बगीचा होणाऱ्या व्याह्यासमोर पोचट निघाला, खुशालराव. मला घेरी यायचीच बाकी होती.

मास्तर हसले. (इथे माझं डोकं फिरलं.) म्हणाले, "काकाजी, माल चोख आहे. सालीत हवा असते. संत्र्यानं जेवढं पाणी बाजूले सारलं, त्या पाण्याहून अख्खं संत्रं वजनानं कमी भरते, म्हणून तरंगते. साल काढा, बुडते."

आता तुम्हीच सांगा, वस्तूतून काही काढलं तर ती हलकी होते की जड? माणूस धोतर सोडून विहिरीत उतरला म्हणजे जास्त बुडतो काय? हे मी विचारलं. जरा मोठ्यानं विचारलं. मास्तरांनी सोलायला एक संत्रं मागितलं. मी म्हणालो, "मले मॅट्रिकले बसवून राहिले काय? माह्या घरात माह्याच संत्र्याची परीक्षा? उठा!" आणि ते खरंच उठले हो! बशी तशीच ठेवून वरूडची मोटार धरली. (वडिलांनी जाता जाता दोन घास मारले.)

सांगायचं एवढंच की असलं उद्धट स्थळ पुन्हा धाडू नये. माझ्या मुलीला स्थळांचा तोटा नाही.

आपला,
वामनराव

ता. क. पाहुणे गेल्यावर मी कोठीत दार लावून एक संत्रं सोललं. बुडालं. नासकं असेल म्हणून दुसरं सोललं. अशी चौदा सोलली, चौदाही तळाला. कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून सगळी खाल्ली. पोटाचं कारण ते.

ता. क. २. आठ दिवस झाले, माणिक माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण ताटाकडं पाहून. मला हे सोसत नाही, खुशालराव. उद्याच अकोल्याला जा आणि मास्तरांची माफी मागा. 'वामनराव चुकले' म्हणा. संत्र्यांचं मात्र काढू नका.

मामा, बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी लिहिते. मास्तरांचा होकार कालच आला. चौदाही बुडाली हे मी कोठीच्या फटीतून पाहिलं आणि त्यांना कळवलं होतं. तुम्ही अकोल्याला जाऊ नका. जमत नाही असं लिहा आणि बाबांनाच पाठवा. 'चुकलो' हा शब्द त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणावा, मग मी सुखानं सासरी जाईन. — माणिक