राखीवची ओळ

मंगळवार, ३ जून
सरकारी कर्जरोख्यांचा लिलाव भरला, पण कसाबसा. साडेदहाला खिडकी उघडली आणि अकरा वाजले तरी पडद्यावर तीनच बोल्या! उरलेल्या आल्या त्या चढे व्याजदर घेऊन. सरकारने हात पसरायचा आणि बँकांनी नाक मुरडायचं. दर वर सरकवत सरकवत शेवटी सगळे रोखे खपवले. आमच्या खात्याचा दंडकच आहे – लिलाव रिकामा जाता कामा नये. साहेब म्हणाले, "पूर्ण झाला ना? मग झालं."

दुपारी एका बँकेच्या खरेदीदाराचा फोन. "बाई, दर मंगळवारी तुमचं ताट पुढ्यात. आमचं पोट तरी केवढं?" मी हसले, पण बोलणं डोक्यातून जाईना.

बुधवार, ४ जून
नवरा बँकेतून तणतणत आला. सुतारकामाच्या कारखान्यासाठी नवं करवतयंत्र घ्यायचंय, तर कर्जाचा दर पुन्हा वाढलेला. "त्यांना काय पडलंय माझं? तुमचं सरकार बसल्या जागी घसघशीत व्याज देतंय."

मुलीने विचारलं, रोखा म्हणजे काय. म्हटलं, सरकार आज पैसे घेतं आणि लिहून देतं की तीस वर्षांनी परत करू. "तेव्हा कोण देणार?" तुम्ही. "मला कुठे कुणी विचारलं?" बारा वर्षांची आहे. मी तिला अभ्यासाला बसवलं, दुसरं काय करणार.

शुक्रवार, ६ जून
पुढच्या सहामाहीचं लिलावांचं वेळापत्रक माझ्याकडेच आहे. या वेळी आकडे नुसते उतरवले नाहीत, मुळापासून तपासले. एवढं कर्ज लागतंच कशाला? तर लागत नाही! प्रत्येक विभाग कात्रीच्या भीतीने आधीच फुगवून मागतो. त्यावर आमच्या तक्त्यात 'राखीव' नावाची एक ओळ बारा टक्के चढवते. पुढच्या वर्षी त्या फुगलेल्या आकड्यावर पुन्हा बारा. उसने आणलेले पैसे तिजोरीत लोळताहेत आणि आपण त्यांचं व्याज भरतोय. कुठल्या शहाण्याने घातली ही ओळ?

शनिवार, ७ जून
मीच. चौदा वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात. जुन्या फायलीत माझी सही आहे, बाळबोध अक्षरात. एकाच वर्षापुरती म्हणून घातली होती, आणि काढायची राहिली.

रविवार, ८ जून
नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. ओळ काढ आणि गप्प बस. साहेब महिनाअखेरीला निवृत्त होताहेत, त्यांच्या खुर्चीसाठी तुझं नाव पहिलं आहे. आत्ताच कुठे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस?"

चुकीचं काहीच बोलला नाही. पण गुपचूप काढली तर विभाग विचारतील, आकडा एवढा उतरला कसा, आणि कारण नाही म्हटल्यावर पुन्हा घालायला लावतील. कारण द्यायचं तर ओळ कुणाची, हेही आलंच. मला ती खुर्ची हवी आहे. फार हवी आहे. इथे लिहायला कसली लाज.

सोमवार, ९ जून
टिपण लिहिलं. दोन पानं. 'ही ओळ मी घातली व काढावयाची राहिली' हे वाक्य तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं. साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, माझ्याकडे पाहिलं नाही. "ठेवा इथे." बस्स, एवढंच. हा माणूस एरवी एका स्वल्पविरामावरून अर्धा तास बोलतो.

गुरुवार, १२ जून
अजून काही नाही. साहेब जिन्यात भेटले, हवेबद्दल बोलले.

तोवर राखीव वगळून नवा तक्ता मांडला. कर्ज जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतं! बेरीज तीनदा पडताळली, तीनदा तीच. कितीतरी दिवसांनी काम करताना मजा आली. खुर्ची गेली तर गेली, मुलीला सांगण्यासारखं काहीतरी केलं. घरी येताना चालत आले.

सोमवार, १६ जून
नवरा आज आपणहून म्हणाला, "बरं केलंस." करवतयंत्र दिवाळखोरीत न जाता घेता येईल का, हेही लगेच विचारलं. स्वार्थी आहे, पण माझा आहे.

बुधवार, १८ जून
टिपण सचिवांकडून मंजूर होऊन आलं. पुढच्या सहामाहीतले सात लिलाव रद्द. माझं ते वाक्य मात्र खोडलेलं, आणि समासात साहेबांचं अक्षर – 'राखीवची ओळ माझ्या तोंडी सूचनेवरून घातली गेली. जबाबदारी सर्वस्वी माझी.' खाली त्यांची सही.

साहेबांना या खात्यात येऊन नऊ वर्षं झाली आहेत.