पाटावर राहिलेला शिक्का

१९ ऑक्टो. ८८
नोटरी रजिस्टरचं तिसरं बुक आज भरलं. एक खाडाखोड नाही. सही करणारा समोर उभा असल्याशिवाय सात वर्षांत शिक्का उचललेला नाही. लोक खडूस म्हणतात. म्हणोत. भिवंडीत माझ्या शिक्क्याला मान आहे आणि तो मी कमावलाय.

२० ऑक्टो., दसरा
कुसुमने पाटावर कायद्याची पुस्तकं मांडली. शिक्काही मागितला. "वकिलाचं हत्यार तेच ना?" छाती फुगली, खोटं कशाला बोलू. दिला काढून. हळद-कुंकू वाहिलं. संध्याकाळी दोघं सोनं वाटायला बाहेर. घरी तिचा भाऊ बाळाराम, मानकोलीहून आलेला. शिक्का पाटावरच राहिला.

२१ ऑक्टो.
अक्षरांत कुंकू बसलेलं. ब्रशने धुऊन कपाटात ठेवला. कुसुमवर चिडलो. उगाचच.

३ नोव्हें.
गोदामासाठी जागा बघणारे इस्माईलशेठ एक मुखत्यारपत्र घेऊन आले. बाळारामच्या विधवा काकूंची जमीन, विकायचा अधिकार बाळारामला. खाली काकूंचा म्हणून अंगठा.
"वकीलसाब, शिक्का तुमचा हाय, पन सही तुमची वाटत न्हाय. म्हनून पयले तुमच्याकडं आलो."
शिक्का माझाच. जांभळ्या शाईत कुंकवाचे कण. म्हणजे धुण्याआधीचा, दसऱ्याचाच. रजिस्टरला नोंद नाही.

४ नोव्हें.
बाळारामला बोलावलं.
"भावजी, घरचीच गोष्ट हाय. तुम्ही नुसती नोंद टाका, मिटलं."
म्हटलं, काकूंना आण माझ्यासमोर, आत्ता. खाली मान घालून निघून गेला.

७ नोव्हें.
सरकारला कळवायचं पत्र लिहून काढलं. त्यात बाळारामचं नाव. शिक्का उघड्यावर टाकून गेलो, हेही. सनद जाऊ शकते. कुसुमने वाचलं. "मी मागितला होता, ते पण लिहा." नाही लिहिलं. सांभाळायचा मी होता. तिनेच पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.
भीती वाटते. पण रजिस्टर उघडून बसलो तर लाज वाटत नाही.

११ नोव्हें., भाऊबीज
उत्तर नाही. तोवर शिक्का कुलपात, काम बंद.
कुसुमने सकाळीच ओवाळायचं ताट केलं. म्हटलं, येईल तो?
"आला तर ओवाळीन. पत्र मागे घ्या म्हणाला, तर मीच दार दाखवीन."
अशी बायको आहे माझी. ऊर भरून आला.
दोन वाजले. दोघंही अजून जेवलो नाही.