किरण सरांचं स्थळ ताटकळत ठेवण्याबाबत

जळगाव, कारखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत

तीर्थस्वरूप अभिमन नानांना पुतण्या ज्ञानेश्वरचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकूंचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. (पत्र अशासाठी की मी फोन काढला की सर मला स्वतः खुर्ची देतात आणि शेजारीच उभे राहतात. आमचा ड्रायव्हर पंडित आज सोनगीरवरून जाणार आहे, तो हे तुमच्या हातात देईल.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, इतके की आमच्यातल्या दोघांचे शर्ट पोटावर तंग होऊ लागलेत. याला कारण तुम्हीच, ते कसं ते सांगतो.

तुमच्या चारूसाठी आलेल्या स्थळाची, म्हणजे आमच्या चटई कारखान्याचे मॅनेजर किरण सर यांची, चौकशी तुम्ही माझ्यावर सोपवलीत. मुलगा देखणा आहे, पगार चांगला, तोंडात सुपारीचं खांडही नाही. फक्त ओरडतो. (फक्त म्हटलं तरी आवाज नशिराबादपर्यंत जातो.) मी चटया गुंडाळून घेतो म्हणून मला सगळ्यांदेखत ‘ए गुंडाळी’ म्हणायचे. आमचा शिपाई जीवराम त्यांच्या गाडीचा हॉर्न ऐकला की आधी संडासात पळायचा आणि मग येऊन गेट उघडायचा, तोवर त्यांचा पारा आणखी चढलेला असायचा.

एकदा सरांनी भुसावळचा माल धुळ्याला पाठवायला सांगितला. हे चुकतंय हे पंडितसकट सगळ्यांना कळत होतं, पण सांगणार कोण? ट्रक निमूटपणे उलट्या दिशेला गेला आणि दिवसभर धुळ्यात नसलेलं गिऱ्हाईक शोधत फिरला. खापर बिलं करणाऱ्या मेघावर फुटलं. सरांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून ‘मी बिनडोक आहे’ असं मोठ्याने म्हणायला लावलं. ती म्हणाली. तेव्हापासून फोन वाजला तरी ती आधी उठून उभी राहते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं नाना, अजूनही वाटतं. त्यानंतर चांगली चांगली माणसं नोकरी सोडून गेली. आमचे मालक झुंबरलाल शेठ, माणसं टिकत का नाहीत म्हणून हैराण झाले आणि पाण्यात दोष असेल असं समजून त्यांनी नवा फिल्टर बसवला.

आणि मग तुम्ही मुलाच्या वडिलांना सांगून मोकळे झालात, की आमचा पुतण्या तिथेच आहे आणि आम्ही शिपायापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारल्याशिवाय मुलगी देत नाही. काय जादू केलीत! दुसऱ्या दिवशी सरांनी गाडीतून उतरून गेट स्वतः उघडलं. जीवरामच्या आईची तब्येत विचारली (ती वारून बरीच वर्षं झाली, पण विचारली). मी ज्ञानेश्वरराव झालो, मेघा ताई झाली. घरून वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आणून सर सगळ्यांना आग्रह करकरून वाढू लागले. पानवाल्याला तर ते रोज रामराम घालतात, तो बिचारा घाबरलाय. चूक दिसली तर लोक आता तोंडावर सांगतात, त्यामुळे ट्रक जिथे जायचे तिथेच जातात. शेठ याचं सगळं श्रेय फिल्टरला देतात.

काकूंना नमस्कार, चारूला आशीर्वाद.

तुमचा,
ज्ञानेश्वर (सध्या राव)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. होकार देऊ नका, पण नकारही देऊ नका. आखाजीच्या सणापर्यंत नुसत्या पत्रिका बघत राहा. जीवराम मला रोज दारात अडवतो, “भाऊ, तुमना नानाले सांगा, सोयरीक तोडू नका. बठ्ठं हापीस सुखमा शे.” आणि खरंच, सगळं ऑफिस सुखात आहे.

आणखी ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र मेघाला वाचायला दिलं. ती पोट धरून हसली. मग परत देताना म्हणाली, “आपण इतके जण आहोत, तरी संध्याकाळी सुटून घरी जातो. चारू कुठे जाईल?”

नाना, पत्र मिळताच नकार कळवा. कारण विचारलं तर माझं नाव सांगा.