सिगारेटवर कवितेचा कर

२ मार्च, सकाळी
जाग आली ती साठ वर्षांपूर्वीच्या आवाजाने. चौथीचा वर्ग, चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणतायत, मास्तर डस्टरने टेबलावर ताल धरतायत. काय दम होता! चार ओळींचं कडवं एका श्वासात.
पेपरात बातमी : सिगारेटवरचा कर पुन्हा वाढला. दुकानदार हळहळला. मी म्हणालो, सरकारचं बरोबर आहे, वाईट गोष्ट अवघड केली की सुटते. पण माझ्यासारख्याला पैशाचा कर काय करणार? मी स्वतःवर वेगळा बसवला. प्रत्येक सिगारेटआधी एक कडवं, मोठ्याने, एका दमात. दम तुटला तर सिगारेट नाही. वसुली बायकोकडे. ती म्हणाली, आधी छातीचा फोटो काढा.

५ मार्च
योजना यशस्वी. फक्त तीन ओढल्या. चौथीला तिसऱ्या ओळीत अडकलो. दोष शार्दूलविक्रीडिताचा. एवढ्या लांब ओळी लिहितं का कुणी? यापुढे छोटी वृत्तं.

९ मार्च
फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, बुधवारी या, घरच्या कुणाला तरी आणा. मी काय बालवाडीत आहे?
कर आता दोन ओळी. ज्येष्ठांना सूट असतेच. ही म्हणाली, सरकार तुम्हीच, करबुडवे तुम्हीच!

१३ मार्च
बुधवार कामात गेला. कसलं काम, आठवत नाही. दवाखान्याचे तीन फोन. उचलले नाहीत.
कर : एक ओळ.
रुमालावर लाल डाग. शाई. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, लागणारच. निवृत्तीला बारा वर्षं झाली, पण जुनी शाई पक्की असायची.

१७ मार्च
जिन्यात दोनदा थांबलो. कविता आठवायला.
मनातल्या मनात म्हटलेलीही चालेल, असा आदेश काढला.
दवाखान्याचा फोन हिने उचलला. स्वयंपाकघरात दार लोटून बराच वेळ बोलत होती. बाहेर आली, कर मागितलाच नाही. काडेपेटी स्वतः आणून दिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! अखेर पटलं तिला.

१९ मार्च, दुपारी
उद्यापासून कर दुप्पट. पक्कं.
बेल वाजली. पोस्टमन असेल म्हणून दार उघडलं, तर दारात लेक. दोन विमानं बदलून आलेली, न कळवता. ती तर डिसेंबरात यायची होती! एरवी उंबऱ्यातच वास घेते आणि भांडते. आज नुसती बिलगली. छातीला कान लावून उभीच राहिली.
एवढी मोठी बॅग कशाला, विचारलं.
म्हणाली, बाबा, परतीचं तिकीट काढलेलं नाही.