खिंडीपलीकडचा दगड

दि. १४ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे राजी नाहीत, तेव्हा उभ्यानेच स्वीकारावा. आई बरी आहे. कानाचं यंत्र सोयीनुसार बंद ठेवते, त्यामुळे घरात तीच सुखी. प्रयोगशाळेचं छत अजून गळतंय. संग्रहालयाचा संचालक सख्खा भाऊ असून बादली मात्र मला घरून आणावी लागली.

तुझं पत्र मिळालं. "चिमे, दगडांच्या उगमाचं प्रकरण अहवालातून वगळ, तुझ्या कायमच्या जागेचं मी बघतो." पन्नाशीला टेकलेल्या बाईला चिमी म्हटलं की ती विरघळते, हा शोध तुझाच असावा.

तुझ्या गाजलेल्या पुस्तकात आपल्या उत्खननातले ते हजारो वर्षांपूर्वीचे शेतकरी अगदी स्वयंपूर्ण. नदीकाठचे गोटे उचलले, विळ्याची पाती केली, कुणाच्या दारात गेले नाहीत. पण तू तपासलीस ती फक्त तयार पाती. त्यांवर दगडाची साल, म्हणजे मूळचा बाहेरचा थर, उरलेलीच नसते, मग दगड कुठला ते कळणार कसं? पाती काढताना उडालेले छिलके तू कचरा म्हणून खड्ड्याबाहेर फेकायला लावलेस. मी दोन हिवाळे तो ढीग चाळत बसले. नदीतल्या गोट्याची साल गुळगुळीत. या छिलक्यांची खडबडीत, पांढरी, खडूसारखी. असा दगड खिंडीपलीकडच्या डोंगरातच मिळतो, तोही खणून. रासायनिक तपासणीही तेच सांगते. पायाशी दगड असताना ही माणसं डोंगर ओलांडून ओझी वाहत होती!

परवा आलास तेव्हा मी छिलक्यांचा ट्रे पुढे केला, तर म्हणालास, "चष्मा गाडीत राहिला."

"आणायला पाठवू कुणाला?"

"राहू दे गं. असतील थोडे बाहेरचे. भेसळ म्हण नि सोडून दे."

"दादा, दहातले सात बाहेरचे आहेत. भेसळ म्हणायचीच तर तुझ्या गोट्यांना म्हणावी लागेल."

चहा अर्धा टाकून निघालास.

का आणत असतील एवढ्या लांबून? पलीकडे त्यांचं कुणीतरी असेल. लेक दिलेली असेल, भाऊ गेलेला असेल. हा माझा तर्क, म्हणून अहवालात नाही. दगड पलीकडचा आहे, हा तर्क नव्हे.

आता इतका वेळ टाळलं ते लिहून टाकते. अहवाल काल छापायला गेला, त्या प्रकरणासकट. कायमच्या जागेचा अर्जही कालच मागे घेतला. महिनाअखेर माझ्या हंगामी नेमणुकीची मुदत संपली की टेबल रिकामं करीन. शब्द टाकू नकोस माझ्यासाठी, कुठेच.

पुस्तकाची नवी आवृत्ती काढतोयस असं ऐकते. काढ की! पण त्यात 'स्वयंपूर्ण' तसंच राहिलं, तर पहिलं परीक्षण मी लिहीन. खाली नाव माझं असेल, आणि तू माझा कोण लागतोस तेही.

आता कुणाच्याच हाताखाली नसलेली,
तुझी धाकटी बहीण