कोर्टाच्या ओट्यावरचं मत

रविवार, १९ मे १८६१

गुरुवारी मतदान. व्हर्जिनियानं संघराज्यातून फुटायचं की नाही! आमच्या या डोंगरात थोडे इकडचे, थोडे तिकडचे, उरलेले कुंपणावर. प्रार्थना संपल्यावर चर्चच्या दारात वकील हॅन्सफर्ड सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "फुटायला विरोध करणाऱ्यांनी आपापली कोठारं सांभाळा हो! वाळलं गवत लवकर पेटतं." सगळे हसले. मीही हसलो. कशाला हसलो?

धाकटा भाऊ ईनस नाही हसला. वाटेत म्हणाला, "दादा, आपण दोघं संघराज्याच्या बाजूनंच ना?"

"हे काय विचारणं झालं!" मी म्हटलं.

बुधवार, २२ मे

बायको दिवसभर मागे लागलीय. "अहो, पदरात चार पोरं आहेत. तुमच्या भट्टीवर नाल मारायला येणारी घोडी कुणाची? हॅन्सफर्डच्याच गोतावळ्याची ना? मग त्यांच्या मनासारखं बोलायला जीभ झिजते का तुमची?"

मी खेकसलो तिच्यावर. पण जेवण गेलं नाही.

गुरुवार, २३ मे

बोललो. फुटायच्या बाजूनं!

आमच्याकडे मत तोंडीच. कोर्टाच्या ओट्यावर चढायचं, शेरीफनं नाव पुकारलं की साऱ्या गावादेखत मोठ्यानं सांगायचं. शेरीफशेजारी हॅन्सफर्ड खुर्ची टाकून बसलेला. "लेव्ही टीटर!" — आणि तोंडातून तेच गेलं. टाळ्या! हॅन्सफर्डनं उठून हात हातात घेतला, "शाबास रे लोहारा!" कुणीतरी व्हिस्की पुढे केली. मी ती प्यालोसुद्धा!

माझ्या मागोमाग ईनस. माझ्याकडे बघत होता. मग ओरडला, "संघराज्य!" मग एक दगड आला, त्याच्या कानशिलावर बसला. मी चार पावलांवर होतो, हातात पेला. जागचा हललो नाही.

शनिवार, २५ मे

पहाटे ईनसचं कोठार कुणीतरी जाळलं. मेंढ्या आतच. मी बादली घेऊन धावलो तर म्हणतो, "दादा, तू घरी जा. तुला इथं कुणी बघितलं तर?"

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच काळजी होती. आणि मी गेलो घरी!

सोमवार, २७ मे

ईनस संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या फौजेत गेला. मला न भेटता.

तो पहिल्यापासून धीट. भीती म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नाही. सगळ्यांना तसं कसं जमेल? दिवसभर स्वतःला हेच सांगतोय.

गुरुवार, ३० मे

हॅन्सफर्डनं फुटलेल्या दक्षिणेच्या स्वारांची घोडी नाल मारायला पाठवली. मारले. या घोड्यांवर बसून ते कुणाच्या अंगावर जाणार, हे काय मला कळत नाही?

रविवार, २ जून

ईनसची बायको सिडनी आमच्याकडे राहायला आलीय. आज मक्याची भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "भावजी, ह्यांनी मला शब्द दिला होता — वकिलाच्याच बाजूनं बोलीन म्हणून. तेच बोलायला ओट्यावर चढले होते. रात्रभर भीतीनं झोपले नव्हते. पण तुमचं ऐकलं, आणि घरी येऊन म्हणाले, दोघंही तेच बोललो असतो तर, धाकट्यालाही आपणच खाली ओढलं म्हणून दादाला पुन्हा मान वर करता आली नसती."